मॉरिशसला गेलेली डाळ

बाळांनो, हे मी तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते आहे, पण निमित्त ताईचं आहे. गेल्या आठवड्यात तिनं कॉलेजचा निबंध माझ्याकडे पाठवला आणि इंग्रजी तपासून मागितलं. विषय होता एक छोटं बेट आणि एक मोठा देश यांच्यातला व्यापार. उदाहरण म्हणून तिनं मॉरिशस आणि भारत घेतले होते. इंग्रजी चांगलं होतं. दोन-चार स्वल्पविराम इकडचे तिकडे केले, एवढंच माझं काम. निबंधात एक तक्ता होता. इकडून तिकडे काय जातं, तिकडून इकडे काय येतं. इंधन, औषधं, गाड्या, कापड, साखर, आणि सगळ्यात खाली 'इतर'. त्या 'इतर'मध्ये चारठाण्याच्या एका बाईची तुरीची डाळ आहे, हे ताईला ठाऊक नाही. फोनवर सांगायला गेले तर तिची बस आली. म्हणून लिहून काढते. दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांनी लिहायला परवानगी दिली आहे, तेव्हा सबब काही उरली नाही. कॅनडात तुम्हाला मराठी सावकाश वाचावं लागतं, म्हणून क्रमानं आणि सोप्या शब्दांत सांगते.

आधी माझं. मी जिंतूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते हे तुम्हाला माहीत आहे. माझे वडील पेडगावला दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर त्यांनी दोन गोष्टींचा हट्ट धरला. घरात रोज वंदना झाली पाहिजे आणि मुलीला इंग्रजी आलं पाहिजे. इंग्रजीच का, हे त्यांना नीट सांगता येत नसे. जिथं कागद इंग्रजीत असतो तिथं आपलं माणूस पाहिजे, इतकंच म्हणायचे. मी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांचं म्हणणं खरं ठरायला लागलं. लोक माझ्याकडे कागद घेऊन येऊ लागले. विम्याचे, बँकेचे, कुणाच्या मुलाच्या परदेशातल्या प्रवेशाचे. मी वाचून सांगायची, उत्तर लिहून द्यायची. चहा मिळायचा. निवृत्त माणसाला याहून चांगला उद्योग नाही.

चारठाण्याची ती बाई माझी विद्यार्थिनी. शाळेत मागच्या बाकावर बसायची. इंग्रजी बेताचं, गणित पक्कं. लग्न होऊन चारठाण्याला गेली. पुढे गावातल्या बायकांचा बचत गट झाला, त्या गटाला छोटी डाळमिल मिळाली, आणि ती चालवायची कुणी असा प्रश्न आला तेव्हा हिनं हात वर केला. मिल सासरच्या शेडमध्ये बसवली. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, पुढं मोठं अंगण, तिथं भिजवलेली तूर उन्हात पसरायची. मिल आली आणि घरात तिला 'अगं' म्हणून बोलावणं बंद झालं, नावानं हाक मारायला लागले, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं.

मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा चहा कोणत्या कपात येतो हे मी पाहिलं. सवयीनं पाहिलं. कप सगळ्यांसारखाच होता, आणि कान तुटलेला कप तिच्या सासूबाईंनी स्वतःकडे घेतला होता. तेव्हापासून आमचं जमलं. त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या.

आता मॉरिशसचा पाहुणा. चारठाण्याची जुनी मंदिरं पाहायला अधूनमधून बाहेरचे लोक येतात. एका हिवाळ्यात मॉरिशसचे काही लोक आले. त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांना इकडून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला नेलं होतं. आता त्यांचे पणतू-खापरपणतू पूर्वजांचा मुलुख बघायला येतात. त्यांच्याशी बोलायला इंग्रजी येणारं कुणी हवं म्हणून मला बोलावणं आलं. मी एसटीनं गेले. गेल्यावर कळलं की त्यांच्यातल्या एका गृहस्थाला मराठी येतं. केस पिकलेले, स्वभाव बोलका. तिकडे त्यांचं किराणा दुकान. मराठी आजीकडून ऐकलेलं, कोकणाकडच्या वळणाचं, आणि शब्द अडला की मधेच फ्रेंच. आमच्या बायकांना ते ऐकायला फार मजा वाटली. हा माणूस आपल्यातलाच हाय, नुसता लांब राहायलाय, असं एकीनं ठरवूनच टाकलं.

मंदिरं पाहून होईपर्यंत दुपार झाली. जेवण माझ्या विद्यार्थिनीकडे. ज्वारीची भाकरी, ठेचा, तुरीचं वरण. गृहस्थांनी वरण वाटीनं प्यायलं, पुन्हा मागितलं, मग कच्ची डाळ दाखवा म्हणाले. तळहातावर घेऊन वास घेतला. त्यांच्या दुकानात येते ती डाळ चकचकीत असते पण तिला वास नसतो, असं त्यांनी बरोबर आलेल्या बायकोला सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "उपाशी माणसाला समदंच ग्वाड लागतंय. जेवल्यावर इचारा."

त्यांनी जेवल्यावरही तेच सांगितलं. आणि जाताना म्हणाले, मला ही डाळ माझ्या दुकानात पाहिजे.

पाहुणे असं बोलतात आणि विसरतात. हे विसरले नाहीत. महिन्याभरात माझ्या फोनवर त्यांचं इंग्रजी पत्र आलं. मुंबईचा एक निर्यातदार ही डाळ इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये घालून पाठवायला तयार होता. कागदपत्रं तो बघणार होता. आपण फक्त डाळ स्वच्छ करून, गोण्यांत भरून मुंबईला पोचवायची. पत्रात अटी होत्या. रंग नको, खडा नको, धूळ नको, ओल नको, आणि तेल नको. आमच्याकडे डाळ टिकावी म्हणून एरंडेलाचा हात लावतात, ते त्यांना माहीत होतं. मी एकेक अट वाचून मराठीत सांगितली, बायका माना डोलावत राहिल्या. तेलाशिवाय डाळ हे ऐकून सासूबाई जरा नाराज झाल्या, पण गिऱ्हाईक म्हणेल तसं, असं म्हणाल्या.

खरी अडचण घरातच होती. शेड आणि अंगण माझ्या विद्यार्थिनीच्या थोरल्या दिरांच्या नावावर. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. सोयाबीनच्या एका व्यापाऱ्यानं गोदामासाठी ती शेड भाड्यानं मागितली होती. मिलला पावसाळ्यात काम नसायचं, आणि गावातल्या गावात डाळ विकून फार काही सुटत नव्हतं. दिरांनी एके दिवशी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, "पाडव्यापस्तोर बघू. माल तिकडं पोचला, त्या माणसाला पसंत पडला, तर चालू द्या तुमची मिल. न्हाई तर शेड व्यापाऱ्याला. मंग तोंड पाडून बसायचं न्हाई."

आमच्याकडे सालाचे करार पाडव्याला होतात, त्यामुळे ही मुदत नुसती बोलण्यापुरती नव्हती. ती 'बरं' म्हणाली. मला एसटीपर्यंत सोडायला आली तेव्हा रस्त्यात बोलली, "बाई, मला साडी नको, सोनं नको. मला मिल पायजे."

नवी तूर आली. बायकांनी ती भिजवली, वाळवली, भरडली, चाळली, पाखडली, मग बसून दाणा-दाणा निवडली. निवडताना गप्पा सगळ्या समुद्राच्या. तिथं जायला किती दिवस लागतात, जहाजात उंदीर असतात का, बेटावर पाणी गोड असतं का. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं, बाकीचं त्यांनी आपसात ठरवलं.

गोण्या भरायच्या दिवशी सासूबाई एक पाटी घेऊन आल्या. पाटीत कडुलिंबाचा पाला, सावलीत वाळवलेला, अजून हिरवट. प्रत्येक गोणीच्या तळाशी त्यांनी मूठभर पाला टाकला आणि वर डाळ ओतली गेली. बायकांनी त्यांच्यासाठी गोणीचं तोंड उघडून धरलं. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय. आमच्याकडे डाळीत पाला असतोच. कीड लागत नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यातही होता. गोणीत काय आहे असं कुणी विचारलं असतं तर आम्ही सगळ्यांनी डाळ असंच सांगितलं असतं, आणि खरं बोलतोय असंच आम्हाला वाटलं असतं. तेलाचा हात ही एक गोष्ट होती, तिचा विचार झाला होता. पाला ही गोष्टच नव्हती. तो डाळीचाच भाग होता.

मुंबईला गोणीत पोकळ सळई खुपसून नमुना काढतात. सळईत वरची आणि मधली डाळ आली, तळाचा पाला तळाशीच राहिला. नमुना पास झाला. जहाज निघालं तेव्हा निर्यातदाराचा निरोप आला आणि बायकांनी मिलमध्ये पेढे वाटले. पेढे दिरांनीही खाल्ले.

पाडवा जवळ आला होता तेव्हा मॉरिशसहून गृहस्थांचा फोन आला. यावेळी ते मराठीत बोलले नाहीत, इंग्रजीत बोलले. त्यावरून मी ओळखलं. तिकडच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी एक गोणी पूर्ण रिकामी केली. तळाशी पानं निघाली. कागदावर पानांचा उल्लेख नाही. मग सगळ्याच गोण्या उघडल्या, सगळ्यांत पानं. नियमाप्रमाणे माल जाळायचा किंवा परत पाठवायचा. फार विनंती केली तर एक तिसरा मार्ग होता. अधिकाऱ्यांसमोर सगळी डाळ पुन्हा साफ करायची आणि औषधाची धुरी द्यायची. तो मार्ग द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवणार. गृहस्थांनी अर्ज केला होता. त्यांना माझ्याकडून फक्त एवढंच हवं होतं, की हे कसलं पान आहे आणि ते तिथं का आहे, हे इंग्रजीत लिहून द्या.

मी लिहिलं. कोणतं झाड, पाला कसा वाळवतात, का घालतात. क्षमा मागायच्या ओळी फार घातल्या नाहीत. जे आहे ते लिहिलं. ते पाठवलं आणि चारठाण्याची एसटी धरली.

मिलमध्ये मी सगळं सांगितलं.  माझी विद्यार्थिनी एकदम सासूकडे वळून म्हणाली, "आत्या, सांगून तरी टाकायचं व्हतं." सासूबाई म्हणाल्या, "काय सांगायचं? तूच तर गोनी धरली व्हतीस."  ती चाळणी घेऊन बाहेर गेली आणि चाळायला काही नसताना ती चाळणी झटकत बसली.

सासूबाईंना राग आला नव्हता, त्यांना कळत नव्हतं. पाल्यानं कीड मरते, मग पाल्याला कोण घाबरतं. मी त्यांच्याशेजारी बसून समजावलं. ते बेट आहे. चारी बाजूंनी समुद्र. त्यांचा ऊस, भाजीपाला, झाडं, जे काही आहे ते तेवढ्या जागेत. बाहेरच्या पानावरून एखादी कीड, एखादा रोग गेला तर तो पसरायला वेळ लागणार नाही आणि घालवायला जागा नाही. म्हणून ते प्रत्येक पान बघतात. आपल्या पानात काही वाईट नाही हे आपल्याला माहीत आहे, त्यांना कसं कळणार.

 सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी त्यांची कणगी ल्हान हाय. एक दाना किडला की समदी गेली. मंग त्येंचं बराबर हाय."

धान्य साठवायची कणगी तुम्ही पाहिली नाहीत. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली उंच टोपली, कधी कधी माणसाहून मोठी. मला ताईच्या सगळ्या निबंधापेक्षा हे वाक्य जास्त पटलं, हे मी ताईला रागावू नको म्हणून आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांचा निरोप आला. साफ करायची परवानगी मिळाली होती. डाळ बंदराजवळच्या एका गोदामात नेली होती. माणसं त्यांची घरचीच. ते, त्यांची बायको, दोन भाचे. आणि त्यांनी विचारलं होतं, हे करतात कसं ते दाखवाल का.

तिकडचं घड्याळ आपल्या मागे आहे, त्यामुळे आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ सरताना. फोन मिलच्या खोक्यावर टेकवून ठेवला. पडद्यावर मोठं स्वच्छ गोदाम, टेबलं, हातमोजे घातलेली माणसं, आणि हातात प्लास्टिकचे ट्रे. सूप तिथं कुठून मिळणार. गृहस्थांनी ट्रेमध्ये डाळ घेतली आणि उडवली. निम्मी खाली सांडली, पाला ट्रेमध्येच राहिला.

इकडे बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. "मामा, डाळ उडवायची हाय, पतंग न्हाई," एक म्हणाली. मामा हा शब्द त्यांना कळला आणि ते खूश झाले. सासूबाईंनी सूप हातात घेतलं, फोनसमोर बसल्या आणि दाखवायला लागल्या. मनगट हलवायचं, दंड नाही. सूप आपल्याकडे जरा उचलायचं, हलकं ते पुढे जातं, जड मागे राहतं. मी मधे मधे इंग्रजी करत होते, पण फार गरज पडत नव्हती. त्यांचे हात बघूनच कळत होतं. गृहस्थांच्या बायकोला ते भाच्यांच्या आधी जमलं. "तिला करू द्या, तुमी गोन्या उचला," सासूबाईंनी गृहस्थांना हुकूम सोडला, आणि त्यांनी मुकाट्यानं गोणी उचलली.

मधे एक बाई पडद्यावर आल्या. गणवेश, गळ्यात ओळखपत्र. त्या अधिकारी होत्या. फोनमधली म्हातारी काय करते आहे, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं, हिनंच तो पाला घातला होता, आता तो काढायला शिकवते आहे. त्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, मान हलवली आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पण त्यांनी फोन बंद करायला सांगितलं नाही.

हे सगळं चालू असताना थोरले दीर आले. शेडचं बोलणं संपवूनच टाकू या विचारानं आले असावेत, कारण व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी होती. दारात थांबले. परदेशातला दुकानदार आपल्या गावच्या गोण्या स्वतः उचलतोय, त्याची बायको पाखडतेय, भाचे जमिनीवर सांडलेले दाणे गोळा करतायत, हे त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, या माणसानं माल सोडून का दिला नाही ते विचारा.

मी विचारलं. गृहस्थांनी घाम पुसला आणि मराठीतच उत्तर दिलं, "डाळ चांगली आहे. पान काढलं की झालं. पुढल्या सालीं पान नको, बाकी असंच द्या."

दिरांनी हे ऐकलं. बाहेर गेले. व्यापाऱ्याच्या गाडीपाशी काही बोलले आणि गाडी निघून गेली. परत आले तेव्हा भावजयीकडे न बघता म्हणाले, "पुढल्या सालीं म्हनतोय तो. मंग शेड कशाला मोकळी करायची."

तिनं वर पाहिलं नाही. सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेली. त्या दिवशी चहात साखर फार पडली होती, तरी सगळ्यांनी घेतला.

डाळ साफ झाली, धुरी दिली गेली, दुकानात पोचली आणि विकलीही गेली. थोडी वाया गेली, पण मोठं नुकसान झालं नाही. गृहस्थांनी नंतर एक पार्सल पाठवलं. तिकडची साखर, जाड, तपकिरी, काकवीच्या वासाची. सासूबाईंनी चिमूटभर तोंडात टाकून सांगितलं, "ह्यापरीस आपला गूळ काय वंगाळ हाय." तरी ती साखर त्यांनी कपाटात ठेवली आणि खास पाहुण्याच्या चहालाच काढली. म्हणजे इकडून डाळ गेली, तिकडून साखर आली. तक्त्यात दोन्ही बाजूंना काहीतरी लिहिता येईल.

पुढच्या वर्षी गोण्या भरताना पाटी आली नाही. सासूबाई स्वतःच एका बाजूला बसल्या आणि प्रत्येक गोणीत डोकावून, आत काही नाही ना, ते बघत राहिल्या. निर्यातदारानं आता आत वेगळी पिशवी असलेल्या गोण्या पाठवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ओलीची भीतीही नाही. थोरले दीर गोण्या मोजायला येतात. शेडच्या मागच्या बाजूला त्यांनी पत्रा वाढवून दिला, कुणी सांगितलं नव्हतं.

मी अजून पत्रं लिहून देते. आता फारशी लागत नाहीत. माझी विद्यार्थिनी स्वतःच लिहिते, तिचं इंग्रजी अजून बेताचंच आहे, पण तिकडच्यांना कळतं, आणि मी तिचे स्वल्पविराम हलवत नाही.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. गृहस्थ आता म्हातारे झाले आहेत, दुकान भाचा बघतो. घरच्या तुरीच्या कणगीत माझी विद्यार्थिनी आजही कडुलिंबाचा पाला घालते, मॉरिशसच्या गोण्यांत घालत नाही. दर वर्षी नवी तूर आली की डाळ जाते. मिल चालू आहे.